गाडीच्या पोटाखालचा वारा

स्वीडनमधल्या आंडरस्टॉर्प इथं १७ जून १९७८ रोजी निकी लाउडानं फॉर्म्युला वनची शर्यत जिंकली, ती मागच्या बाजूला भलामोठा पंखा बसवलेल्या ब्रॅबम बीटी४६बी या गाडीतून. पंखा थंडाव्यासाठी आहे, असं संघ सांगत होता. प्रत्यक्षात तो गाडीखालची हवा उपसून तिला रस्त्याला जखडून ठेवत होता. प्रतिस्पर्ध्यांनी आक्षेप घेतले आणि ही गाडी फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेत पुन्हा उतरलीच नाही. तिचा डिझायनर होता डर्बनमध्ये जन्मलेला गॉर्डन मरे. शर्यतीत बंद झालेली ती वाट त्यानं पुढं रस्त्यावरच्या गाडीसाठी मोकळी केली.

वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्याला पुरून उरायला लागणारी शक्ती आठपट. म्हणून सुपरकारचं अंग निमुळतं, गुळगुळीत हवं. पण छपराच्या बाकावरून जाणारी हवा वेग घेते, तिथला दाब घटतो आणि गाडी वर उचलली जाऊ लागते. शर्यतीत यावर मोठे पंख लावतात. त्यांनी डाउनफोर्स, म्हणजे गाडीला खाली दाबणारा जोर मिळतो, तसा विरोधही वाढतो. दुसरा उपाय गाडीखालची फट अगदी कमी करण्याचा. पण रस्त्यावरच्या गाडीला खड्डे आणि गतिरोधकही ओलांडायचे असतात.

मरेनं १९९२च्या मॅक्लारेन एफ१ या रस्त्यावरच्या सुपरकारमध्ये उत्तर तळाशी शोधलं. पीटर स्टीव्हन्सनं रेखलेल्या तिच्या बॉडीवर मोठा पंख नाही. मागं तळ वर चढत जातो, हा डिफ्यूझर. त्याच्यामुळे तळाखालून हवा वेगानं ओढली जाते, दाब पडतो आणि गाडी खाली दाबली जाते. मात्र चढ तीव्र झाला, की पृष्ठभागालगतचा मंद हवेचा थर सुटतो आणि परिणाम ढासळतो. तो थर शोषून घ्यायला दोन छोटे विजेचे पंखे दिले. जोरात ब्रेक लावल्यावर नाक झुकतं, हवेच्या दाबाचा तोल पुढं सरकतो. तेव्हा शेपटाची पट्टी उभी राहून तो मागं खेचते. ०.३२ इतक्या विरोध-गुणांकाच्या या गाडीनं १९९८मध्ये जर्मनीत ताशी ३८६.४ किलोमीटरचा वेग गाठला.

२०२०मध्ये मरेच्या स्वतःच्या कंपनीनं टी.५० सादर केली. तिच्या मागं ४०० मिलिमीटर व्यासाचा एकच पंखा आहे. त्यानं पृष्ठभागालगतचा मंद हवेचा थर शोषला जात असल्यानं डिफ्यूझरला एरवी न पेलवणारा चढ देता आला. ब्रेक लावताना पंखा पूर्ण वेगानं फिरून पकड वाढवतो. सरळ रस्त्यावर विरोध कमी करण्यासाठी वेगळी योजना आहे. गरजेपुरताच डाउनफोर्स, हे यामागचं सूत्र.

आज अनेक सुपरकार शर्यतीतले अवजड पंख मिरवतात. मला मरेचा मार्ग अधिक श्रेष्ठ वाटतो. शर्यतीची गाडी एका ट्रॅकसाठी जुळवता येते. रस्त्यावरच्या गाडीला त्याच दिवशी शहर, घाट आणि महामार्ग सांभाळावे लागतात. प्रत्येक क्षणी हवेकडून नेमकं काय हवं, हे ठरवणारी रचनाच तिला शोभते.