पाऊस मिलिमीटरमध्ये, धरण टीएमसीत

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी रोज ठरलेली असते. नवजाला इतके मिलिमीटर पाऊस, कोयनेत इतका टीएमसी साठा, सांडव्यावरून इतक्या क्युसेकने विसर्ग, धरण इतके टक्के भरलं. पाणी एकच, पण आकडे चार आणि एककंही चार. त्यातला टक्क्यांचा आकडा तेवढा सगळे वाचतात, बाकीचे नुसते डोळ्यांखालून जातात. वास्तविक हे आकडे एकमेकांना घट्ट बांधलेले आहेत आणि ती गाठ सोडवायला शाळेतला गुणाकार-भागाकार पुरतो. ज्या राज्यात पाण्यावरून जिल्हे एकमेकांशी भांडतात, तिथे हे गणित प्रत्येकाला यायला हवं.

सुरुवात टीएमसीपासून करू. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, आपल्या भाषेत शंभर कोटी घनफूट. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, आणि हा आकडा ‘सुमारे’ नाही, नेमका आहे. १९५९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांनी यार्डाची लांबी बरोबर ०.९१४४ मीटर धरायची असा करार केला. फूट त्याचा तिसरा हिस्सा. त्याआधी अमेरिकेचा यार्ड आणि ब्रिटनचा यार्ड यांत अगदी बारीक का होईना, फरक होता.

आता घनफुटाचे घनमीटर करायचे. इथे भलेभले चुकतात. एका मीटरमध्ये ३.२८ फूट, हे पाठ असतं, म्हणून एका चौरस मीटरमध्येही ३.२८ चौरस फूट असतील असं हात आपोआप लिहून जातो. क्षेत्रफळाला तो गुणक दोनदा लावायचा असतो आणि घनफळाला तीनदा. म्हणून एका चौरस मीटरमध्ये १०.७६ चौरस फूट असतात आणि एका घनमीटरमध्ये ३५.३ घनफूट. या हिशेबाने एक टीएमसी म्हणजे २८.३ दशलक्ष घनमीटर. सरकारी कागदांत याच दशलक्ष घनमीटरला ‘दलघमी’ म्हणतात.

पश्चिम महाराष्ट्रात धरणाची बातमी टीएमसीत येते, मराठवाड्यात बऱ्याचदा दलघमीत. जायकवाडीची एकूण क्षमता २,९०९ दलघमी आणि कोयनेची १०५.२५ टीएमसी. नुसते आकडे वाचणाऱ्याला जायकवाडी कितीतरी पटींनी मोठं वाटेल. २,९०९ ला २८.३ ने भागा, उत्तर येतं जवळपास १०३ टीएमसी. जायकवाडीचा पैठणजवळचा पसरट नाथसागर आणि कोयनेचा सह्याद्रीच्या दरीतला खोल शिवसागर यांच्यात पाणी जवळजवळ सारखंच मावतं, हे एका भागाकाराने कळतं.

एका टीएमसीचे लिटर करायचे तर सुमारे २,८३२ कोटी. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हा पाणीपुरवठ्याचा प्रचलित निकष धरला, तर एवढं पाणी पावणेसहा लाख लोकांना वर्षभर पुरेल. गळती आणि बाष्पीभवन यात धरलेलं नाही. तरीही एखाद्या शहराने आणखी एक टीएमसी मागितला, की मागणी केवढी आहे याचा अंदाज येतो.

क्युसेक हा वेगळ्या जातीचा आकडा आहे. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. टीएमसी हा साठा सांगतो, क्युसेक वेग सांगतो. ‘धरणातून २० हजार क्युसेक पाणी सोडलं’ या वाक्यात किती पाणी गेलं ते कळतच नाही, कारण किती वेळ सोडलं हे त्यात नाही. तासभर सोडलं की चार दिवस, यावर खालच्या गावांचं सगळं अवलंबून असतं. वेळ कळली की कोडं सुटतं. दिवसाचे ८६,४०० सेकंद. शंभर कोटी घनफुटांना ८६,४०० ने भागलं की ११,५७४ येतात. म्हणजे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग पूर्ण चोवीस तास चालू राहिला, तर धरणातून एक टीएमसी पाणी जातं. पाण्याच्या बातम्या वाचणाऱ्याने एवढा एक आकडा लक्षात ठेवावा, अगदी साडेअकरा हजार म्हणून ठेवला तरी चालेल. २३ हजार क्युसेक म्हटलं, की दिवसाला दोन टीएमसी.

हे मांडायची एक शिस्त आहे आणि विज्ञानातली जवळजवळ सगळी एककांतरं तिच्यावर चालतात. आकड्याशेजारी एकक लिहायचं आणि तेही आकड्यासारखंच गुणायचं, भागायचं, खोडायचं:

२३,००० घनफूट/सेकंद × ८६,४०० सेकंद/दिवस × १ टीएमसी/१०० कोटी घनफूट = १.९९ टीएमसी/दिवस

वरचा ‘सेकंद’ खालच्या ‘सेकंदा’ला खोडतो, ‘घनफूट’ ‘घनफुटा’ला खोडतो. उरतं ते टीएमसी प्रति दिवस. यातला दुसरा आणि तिसरा हे दोन्ही गुणक प्रत्यक्षात ‘एक’च आहेत: ८६,४०० सेकंद आणि एक दिवस ही एकच गोष्ट, शंभर कोटी घनफूट आणि एक टीएमसी हीही एकच गोष्ट. एकाने गुणल्यावर राशी बदलत नाही, फक्त तिचं एकक बदलतं. आणि गुणायच्या जागी चुकून भागलं असेल, तर शेवटी ‘सेकंदाचा वर्ग’ असलं काहीतरी विचित्र उरतं आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. शाळेत मुलं आकडे सोडवतात आणि उत्तराच्या पुढे एकक शेवटी डकवतात, एकक नाही लिहिलं तर अर्धा गुण जातो म्हणून. ही सवय मोडायला हवी. एकक पहिल्या ओळीपासून सोबत असलं पाहिजे.

पावसाकडे येऊ. पाऊस मिलिमीटरमध्ये, म्हणजे लांबीच्या एककात का मोजतात? कारण घनफळाला क्षेत्रफळाने भागलं की लांबी उरते. पडलेलं पाणी वाहून गेलं नसतं, मुरलं नसतं, तर जमिनीवर किती उंचीचा थर साचला असता, ती ही उंची. त्यामुळे पर्जन्यमापकाचं तोंड केवढंही असो, आकडा तोच येतो. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की बरोबर एक लिटर पाणी. एका गुंठ्यावर पडला की १०१ लिटर, एकरावर ४,०४७ लिटर. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ९,२९० लिटर, जवळजवळ दहा हजार लिटरचा एक टँकर. उन्हाळ्यात त्याच टँकरसाठी सोसायटीची माणसं फोनवर फोन करत असतात.

हाच हिशेब कोयनेला लावू. कोयनेचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर. त्या सगळ्यावर दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ८९.२ दशलक्ष घनमीटर पाणी, म्हणजे ३.१५ टीएमसी. ते सगळंच धरणात येत नाही. काही मुरतं, काही वाटेत असतं, शिवाय नवजाचा आकडा पाणलोटातल्या त्या एका ठिकाणचा असतो, पूर्ण पाणलोटाचा नसतो. पण नवजा, कोयनानगर, महाबळेश्वर तिन्हीकडे १००च्या आसपास नोंद असेल, तर दुसऱ्या दिवशी साठा फार तर तीनेक टीएमसीने वाढू शकतो, दहाने नाही, हे घरबसल्या सांगता येतं. मिलिमीटरपासून टीएमसीपर्यंतचा हा प्रवास करून पाहिला, की बातमीतले सुटे आकडे पहिल्यांदाच एकमेकांशी बोलायला लागतात.

राहिले टक्के. टक्क्यालाही एक अदृश्य एकक असतं: शंभर टक्के कशाचे? उजनीची एकूण क्षमता ११७.२३ टीएमसी, त्यात तळाचा मृतसाठा ६३.६६ आणि त्यावरचा उपयुक्त साठा ५३.५७. उजनीचे टक्के उपयुक्त साठ्याचे असतात आणि पाणी त्याखाली मृतसाठ्यात उतरलं की ते उणे होतात. म्हणून उन्हाळ्यात ‘उजनी उणे ३० टक्के’ असा मथळा येतो, तेव्हा कागदावर, गाळ धरून, अजून साडेसत्तेचाळीस टीएमसी शिल्लक असतात. सगळं वापरता येत नाही हे खरंच, पण ‘उणे’ म्हणजे धरण कोरडं पडलं असंही नाही.

आतापर्यंतचं बहुतेक एककांतर सोप्या प्रकारचं होतं: फुटाचे मीटर, दिवसाचे सेकंद. राशी तीच, मोजायची पट्टी वेगळी. दुसरा प्रकार खरा धोक्याचा. लिटरचे किलो करायचे, तेव्हा राशीच बदलते, घनफळावरून वस्तुमानावर उडी मारायची असते आणि त्यासाठी त्या पदार्थाची घनता लागते. पाण्याने आपल्याला सवय लावून ठेवली आहे की लिटर म्हणजे किलो. गोडेतेलाची पिशवी बघा, एक लिटरच्या पुढे वजन ९१० ग्रॅम छापलेलं असतं.

घनतेचा हा गुणक चुकला की काय होतं ते पाहा. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचं बोइंग ७६७ माँट्रिअलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं. कॅनडा तेव्हा मेट्रिक पद्धतीकडे वळत होता आणि या नव्या विमानात इंधन किलोत मोजायचं होतं. इंधनमापक बिघडलेला, म्हणून टाक्यांत पट्टी बुडवून इंधन मोजलं: ७,६८२ लिटर. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला कर्मचाऱ्यांनी कागदपत्रांवरचा १.७७ हा गुणक घेतला. तो पौंड प्रति लिटरचा होता. किलोचा गुणक सुमारे ०.८. त्यांच्या गणितात टाकीत १३,५९७ किलो इंधन निघालं, प्रत्यक्षात होतं ६,२०० किलोच्याही आत. वीस हजार लिटर भरायचे, तिथे पाच हजारांपेक्षाही कमी भरले गेले. ४१,००० फुटांवर इंधनाचा इशारा वाजला आणि थोड्याच वेळात, विमान खाली आणताना, दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर उडवण्याचा अनुभव होता. त्यांनी आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी ते विमान बिनइंजिनाचं उतरवलं, मॅनिटोबातल्या गिम्ली इथल्या हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर. तिथे त्या दिवशी मोटारींच्या शर्यती चालू होत्या. विमानातले सगळे ६९ जण वाचले. त्या कागदावर १.७७ च्या पुढे ‘पौंड/लिटर’ लिहून गणित केलं असतं, तर उत्तर पौंडांत आलं असतं आणि कुणीतरी थांबलं असतं.

रक्तातल्या साखरेचंही असंच आहे. आपल्याकडे ती मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात मिलिमोल प्रति लिटरमध्ये. इकडची १२६ म्हणजे तिकडची ७. लंडनला मुलाकडे गेलेल्या आईला तिथला रिपोर्ट पाहून आपली साखर एकदम खाली आली असं वाटू शकतं. इथला गुणक १८ आहे, कारण ग्लुकोजचं रेणुवस्तुमान १८० आहे. कोलेस्टेरॉलला हाच १८ लावला तर उत्तर साफ चुकतं, त्याचा गुणक ३८.७. मिलिग्रॅमवरून मिलिमोलवर जाताना पदार्थ बदलला की गुणक बदलतो.

आणि याच साखरेशी जोडलेली एक गोष्ट प्रत्येक घराने तपासावी, ज्या घरात कुणी सिरिंजने इन्सुलिन घेतं. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या दोन तीव्रतांच्या मिळतात: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. सिरिंजही दोन प्रकारच्या, ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारंगी टोपणाची. सिरिंजवरच्या रेघा युनिटच्या असतात, पण त्या फक्त तिच्या जोडीच्या बाटलीसाठी खऱ्या. ४० च्या बाटलीतलं औषध १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर शरीरात जातात फक्त ८ युनिट आणि साखर चढत राहते. उलट १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज असेल, तर २० च्या जागी ५० युनिट जातात. साखर झपाट्याने खाली येते, माणूस बेशुद्ध पडू शकतो, जिवावर बेतू शकतं. दोन्ही वेळा रेघ बरोबर वाचलेली असते. औषधाच्या दुकानात सिरिंज मागताना बाटली सोबत न्या, बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे हे स्वतः वाचा, आणि जुळत नसेल तर ती सिरिंज घेऊ नका.