डाळ निवडणारा डोळा

घरी आजी ताटात तुरीची डाळ पसरून निवडते, तेव्हा ती नेमके काय करते? दाणा न् दाणा काही ती तपासत नाही. पिवळ्यात जे वेगळे दिसते, तेवढेच तिची बोटे उचलतात. अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतील डाळ मिलमध्ये हे काम आता यंत्र करते. ‘सॉर्टेक्स’ हे खरे तर एका इंग्रजी कंपनीचे नाव. पण बाजारात ते अशा साऱ्याच यंत्रांना चिकटले आहे.

यंत्रात डाळ उतरत्या पन्हळीवरून घसरत येते व तिच्या टोकाशी पडद्यासारखी खाली पडते. तेथे दोन्ही बाजूंनी प्रखर दिवे व कॅमेरे असतात. हा कॅमेरा पूर्ण चित्र घेत नाही. एकामागून एक बारीक रेघा टिपतो. समजा, डाळ सेकंदाला ३ मीटर वेगाने पडते आहे आणि ०.२ मिलिमीटरचा डागही दिसायला हवा. मग सेकंदाला १५,००० रेघा टिपाव्या लागतील! काळा डाग दिसला की खालच्या बारीक नळीतून दाबलेल्या हवेचा फटका बसतो व तो दाणा बाजूला उडतो. नळी १० सेंटिमीटर खाली असेल, तर हा फटका सुमारे ०.०३३ सेकंदाने बसला पाहिजे. लवकर बसला तर पुढचा निरपराध दाणा उडेल.

यंत्र बसवताना खरी मेहनत असते ती प्रकाशाची आणि पार्श्वभूमीची. एक प्रयोग करा. थोडी डाळ पांढऱ्या कागदावर व थोडी डाळीच्याच रंगाच्या कागदावर पसरा. दुसऱ्या कागदावर चांगली डाळ जणू नाहीशी होते. टरफल चिकटलेले व किडके दाणे तेवढे उठून दिसतात. यंत्रातही पार्श्वभूमीची पट्टी चांगल्या डाळीइतकीच उजळ ठेवतात. डाळीची भुकटी काचेवर बसली, की सारे गणित बिघडते. म्हणून काच सतत पुसावी लागते.

पण रंगावर सगळेच भागत नाही. डाळीच्याच रंगाचा खडा साध्या कॅमेऱ्याला फसवतो. त्यासाठी अवरक्त किरण पाहणारा कॅमेरा लागतो. त्याहून अवघड लाखोळीची डाळ. महिनोन् महिने मुख्यतः तीच खाल्ली, तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. तिचा रंग तुरीच्या डाळीशी मिळताजुळता. मात्र तूर गोलसर, तर लाखोळी कोनदार. येथे यंत्राला आकारही शिकवावा लागतो.

मग ‘खराब’ कोणाला म्हणायचे? मर्यादा कडक ठेवली, तर चांगली डाळही उडते व मालकाचे नुकसान होते; सैल ठेवली, तर खडा आपल्या दाताखाली येतो. म्हणून उडवलेला माल पुन्हा एकदा यंत्रातून काढतात. आणि एवढे सगळे झाल्यावरही यंत्र चालवणारा माणूस अधूनमधून दोन्हीकडची मूठमूठ डाळ तळहातावर घेऊन उजेडात पाहतो, आणि मग मर्यादेचे बटण किंचित फिरवतो.