गोल झोपलेलं कुत्रं

पौषातली पहाट. धाराशिवच्या एसटी स्टँडबाहेर चहाच्या हॉटेलांच्या भट्ट्या अजून पेटायच्या असतात. रात्रीची राख भट्टीच्या तोंडाशी साचलेली असते आणि तिच्यात एखादं तांबूस कुत्रं अंगाचं वेटोळं करून पडलेलं असतं. नाक शेपटीखाली, पाय पोटाशी, कान डोक्याला चिकटलेले. हॉटेल उघडायला आलेला माणूस खराटा आपटतो आणि ‘हाड!’ म्हणतो. कुत्रं उठतं, अंग झाडतं, राख उडते, आणि ते चार पावलांवरच्या फरशीवर जाऊन बसतं. रात्रभर स्वतःच्या अंगानं तापवलेली जागा त्या एका शब्दासरशी गेलेली असते. नवी फरशी गार असते, आणि ती तापवायची ऊब पुन्हा त्याच्याच अंगातून जाणार असते.

हिवाळ्यात कुत्र्याची काळजी घ्यायची म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर स्वेटर घातलेलं शहरातलं कुत्रं येतं. धाराशिव जिल्ह्यातल्या बहुतेक कुत्र्यांना त्याहून साध्या गोष्टी लागतात: कोरडी जागा, वाऱ्याला आडोसा, पोटभर अन्न आणि कुणी न उठवता मिळालेली झोप. पहिल्या तिन्ही गोष्टी बहुतेकांना सुचतात. चौथी मात्र सहसा लक्षात येत नाही.

बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेलं धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचीवर आहे. इथली थंडी उत्तरेसारखी दिवसरात्र अंगाला चिकटून राहत नाही. दुपारी उन्हात बसवत नाही, आणि सूर्य कलला की हवा झपाट्यानं गार होते. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असल्यामुळे जमिनीनं दिवसा घेतलेली उष्णता रात्री सरळ वर निघून जाते. पहाटे काही दिवस पारा १० अंश सेल्सिअसच्या आसपास येतो. म्हणजे एकाच दिवसात कुत्र्याच्या शरीराला दोन ऋतू सोसावे लागतात.

निरोगी कुत्र्याच्या अंगाचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, म्हणजे माणसाला ताप आल्यावर असतं तेवढं. हे तापमान टिकवण्यासाठी त्याच्याकडे काही उपाय असतात. केस उभे राहिले की त्यांच्यामध्ये हवेचा थर अडकतो. अंग थरथरलं की स्नायूंतून उष्णता तयार होते. पंजात तर निसर्गानं छान सोय करून ठेवली आहे. पंजाकडे जाणारं गरम रक्त तिथून परतणाऱ्या गार रक्ताला वाटेतच उष्णता देतं, त्यामुळे पाय गार जमिनीवर असले तरी धड उबदार राहतं. जपानमधल्या संशोधकांनी २०११ साली पंजातल्या रक्तवाहिन्यांची ही रचना दाखवून दिली. आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे गोल होऊन झोपणं. पोट आणि मांड्यांच्या आतली बाजू, जिथं केस विरळ असतात, ती आत झाकली जाते आणि हवेला उघडी राहणारी कातडी कमी होते. म्हणून थंडीत वेटोळं घालून पडलेल्या कुत्र्याला आळशी म्हणू नये. ते ऊब राखण्याचं काम करत असतं.

गावाकडे भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना मानतात. त्या बोलण्यात थट्टा असते, पण निरीक्षण अचूक असतं. गावठी कुत्र्यांच्या माद्या मोठ्या प्रमाणात पावसाळ्याच्या शेवटी माजावर येतात. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. भाद्रपदात राहिलेला गर्भ कार्तिकात बाहेर येतो. पिल्लांचे डोळे उघडायला दहा-बारा दिवस ते दोन आठवडे लागतात. सहा ते आठ आठवड्यांत आई अंगावरचं दूध तोडते, आणि तोवर मार्गशीर्ष संपून पौष लागलेला असतो. पिल्लं आईच्या पोटाखालून बाहेर पडून एकटी भटकायला लागतात, ती नेमकी वर्षातल्या सगळ्यात गार रात्रींत.

त्याआधीचे दिवसही नाजूकच. जन्मानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगाचं तापमान राखता येत नाही. सुरुवातीला त्याला धड थरथरताही येत नाही. आई आणि भावंडं हीच त्याची ऊब. म्हणून नाल्याच्या कडेला किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात पिल्लं दिसली की कळवळ्यानं उचलून घरी आणू नयेत. आई बहुतेक वेळा खायला गेलेली असते आणि परत येते. करायचंच असेल तर लांबून लक्ष ठेवावं, आई जवळ नसताना तिथं कोरडं भुसकट सरकवावं, वाऱ्याच्या बाजूला एखादा पत्रा तिरका लावावा आणि आईला खायला द्यावं. तिचं पोट भरलं तर दूध येतं, आणि लांब जावं लागलं नाही तर ती पिल्लांपाशी थांबते.

आई खरोखरच परतली नाही आणि पिल्लू गार पडलं, तर एक चूक हमखास होते: त्याच्या तोंडात दूध ओतलं जातं. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. आधी ऊब, मग दूध. कोरड्या कापडात गुंडाळून छातीशी धरावं किंवा कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. शेकोटीसमोर धरू नये. पिल्लू हळूहळू गरम होऊन तोंड हलवायला लागलं की त्याला पोटावर ठेवून, मान किंचित वर करून पाजावं, उताणं करून नव्हे. गायीच्या दुधापेक्षा कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं दुपटीच्या आसपास असतात, म्हणून नुसत्या गायीच्या दुधावर पिल्लू नीट वाढत नाही. त्याच्या योग्य आहाराबद्दल पशुवैद्यकांना लवकर विचारावं.

मोठ्या कुत्र्यांत सगळ्यांत जास्त थंडी वाजते ती कारवानीला. लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर आणि अंगाबरोबर बसलेले आखूड केस असं हे शिकारी कुत्रं मराठवाड्याच्या ओळखीचं आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यातलं जानवळ हे गाव या कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपडे संस्थानानं याच वंशाला नाव मिळवून दिलं, म्हणून ते मुधोळ हाउंड या नावानंही ओळखलं जातं. जानेवारी २००५ मध्ये भारतीय टपाल खात्यानं चार देशी कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यांतलं एक मुधोळचं होतं. पळण्यासाठी घडलेल्या या शरीरात चरबी फार थोडी असते. उन्हाळ्यात तीच सोय असते, पण थंडीत ती उणीव ठरते. असं कुत्रं उघड्यावर साखळीला बांधून ठेवलं तर त्याला ना पळून अंग तापवता येत, ना आडोसा शोधता येत. कारवानीला रात्री घरात किंवा बंद खोलीत जागा हवी, आणि अंगावर घातलेलं कापड ओलं झालं तर ते लगेच काढायला हवं.

साखळीचा प्रश्न प्रत्येक राखणीच्या कुत्र्यापुढे आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यानं जनावराला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा ठरवला आहे. येडशी-रामलिंग अभयारण्याच्या भोवतालच्या शेतांत कुत्रं बांधून न ठेवण्याला आणखी एक कारण आहे. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरकडून आलेला वाघ या अभयारण्यात कॅमेऱ्यात टिपला गेला, आणि बिबट्याचं भय तर अशा शिवारांत असतंच. शेतातल्या आखाड्यावर उघड्यात बांधलेलं कुत्रं अशा जनावरासमोर हतबल असतं. रात्री दार लागणारी जागा त्याला थंडीपासून आणि बिबट्यापासून अशी दोन्हीकडून वाचवते.

अशी जागा करायला फार काही लागत नाही. एक लाकडी खोकं किंवा जुन्या फळ्या. आकार असा, की कुत्र्याला आत उभं राहून वळता यावं आणि गोल झोपता यावं. मोठं खोकं चांगलं असं वाटतं, पण रिकामी जागा तापवायला कुत्र्याची ऊब पुरत नाही. खोकं चार विटांवर ठेवावं, कारण सिमेंटचा कोबा अंगातली उष्णता शोषत राहतो. या दिवसांत वारा बहुधा उत्तर-पूर्वेकडून येतो, म्हणून तोंड दक्षिणेला किंवा पश्चिमेला करावं. आत गव्हाचं भुसकट किंवा कडब्याची कोरडी कुट्टी चांगली वीतभर भरावी. कुत्रं त्यात स्वतः खळगा करतं. नुसतं गोणपाट अंथरलं तर ते दवानं ओलं होतं आणि ओलं गोणपाट उघड्या जमिनीहून वाईट. पत्र्याच्या शेडमध्ये पहाटे छतावरून दवाचे थेंब टपकतात, तिथं खोक्यावर आणखी एक फळी टाकावी. चार-पाच दिवसांनी भुसकट उन्हात पसरलं की झालं.

या भागातल्या धनगरांकडे याहून जुनं उत्तर आहे. खरीप निघाल्यावर रानात मेंढरं बसवली जातात. लांडग्याच्या भीतीनं कुत्री वाघूरभोवती, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणाभोवती, रात्रभर जागी असतात. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी माणसाच्या अंगावर फाटली की तिचा तुकडा या कुत्र्यांसाठी जमिनीवर टाकता येतो. लोकर थोडी ओलसर झाली तरी ऊब धरते. सुती गोधडीत हा गुण नाही. घरातली जुनी घोंगडी टाकून देण्याआधी तिचा एक कोपरा कुत्र्यासाठी कापून घेणं कुणालाही जमेल.

अन्नाचं गणितही थंडीत बदलतं. बाहेर झोपणाऱ्या कुत्र्याला अंग तापवायला जास्त अन्न लागतं. संध्याकाळी पोटभर खाल्लेलं कुत्रं रात्र बरी काढतं. ज्वारीच्या भाकरीबरोबर उकडलेलं अंडं, मटणाचं किंवा चिकनचं बिनमसाल्याचं पाणी दिलं तर उत्तम. शिजलेली हाडं देऊ नयेत, ती फुटून आतड्यात रुततात. पाणीही हवंच. कोरड्या हवेत शरीर पाणी गमावतं, आणि गार पाणी कुत्री कमी पितात. दिवसातून दोनदा कोमट पाणी भरलं तर भांडं रिकामं झालेलं दिसतं.

सणांच्या दिवसांत जरा सावध राहावं लागतं. खंडोबाच्या मूर्तीबरोबर घोडा असतो तसा कुत्राही असतो. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो आणि कुत्र्यालाही घास घालण्याची रीत अनेक घरांत आहे. रीत मायेची आहे, ती चालूच राहावी. पण भरितात कांदा-लसूण असतो, आणि या दोन्हींमुळे कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. त्याला बाजरीचा रोडगा तेवढा द्यावा, भरीत नको. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, दिवशी धाराशिव-लातूरकडचं सगळं घर रानात जातं. कोपीत पांडव मांडले जातात, भज्जी, आंबील, खीर, उंडे होतात. उरलंसुरलं कुत्र्यापुढे येतं आणि दुसऱ्या दिवशी ते जुलाबानं बेजार होतं. लसणाची आंबील आणि गोड खीर बाजूला ठेवून नुसते उंडे घातले तर त्याचाही सण नीट होतो.

ऊबदार जागेच्या शोधात कुत्री जिथं जातात तिथं अपघात होतात. भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या आहेत, उसाच्या फडाजवळ तोडकऱ्यांच्या कोप्यांपुढे चुली आहेत, गावोगावी शेकोट्या आहेत. राखेत निखारा दडलेला असला की पोट आणि पंजे भाजतात. शेकोटी सोडून जाताना राखेवर तांब्याभर पाणी मारणं पुरेसं आहे. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरखाली, जीपखाली पिल्लं शिरतात. सकाळी चावी फिरवण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारून खाली डोकावून बघावं.

म्हाताऱ्या कुत्र्यांचे सांधे थंडीत आखडतात. सकाळी उठताना ती मागचे पाय ओढतात, पायरी चढायला कचरतात. त्यांच्यासाठी जाड बिछाना, दुपारच्या उन्हात हळूहळू फिरवणं आणि धीर एवढं करता येतं. घरातली अंगदुखीची गोळी मात्र कधीही देऊ नये. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांसारख्या माणसांच्या गोळ्यांनी कुत्र्याचं यकृत, जठर किंवा मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. अंघोळ अगदी गरज असेल तरच, दुपारी, कोमट पाण्यानं, आणि केसांच्या मुळापर्यंत अंग कोरडं करून. थरथरणारं कुत्रं अचानक थरथरायचं थांबलं, झोकांड्या देऊ लागलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर ते बरं झालेलं नसतं. ऊब तयार करण्याची त्याची ताकद संपत आलेली असते. कोरड्या कापडात गुंडाळून थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल फ्री क्रमांकही घरात लिहून ठेवावा.

आणि वागणं शांत हवं. झोपलेल्या कुत्र्याला हात लावून उठवू नये. आधी लांबून हळू हाक द्यावी, त्यानं मान वर केली की मगच जवळ जावं, तेही समोरून अंगावर चालून न जाता जरा बाजूनं, खाली बसून. गारठलेलं, दुखरं, पिल्लांशेजारचं कुत्रं दचकलं की चावतं, आणि त्यात त्याचा राग नसतो, भीती असते. लहान मुलांना हे घरातच सांगायला हवं. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्यावी. मोकाट कुत्र्यांना खायला घालायची जागा मुलांच्या खेळण्यापासून आणि वर्दळीपासून दूर असावी. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही तसंच सांगितलं आहे.

हॉटेलाच्या भट्टीमागे रिकाम्या पेट्यांची एक फळी विटांवर टाकून तिच्यावर भुसकटाचं पोतं ठेवलं, तर पहाटे राखेतलं कुत्रं हाकलायची वेळच येत नाही. भट्टी पेटवायला तिचं तोंड मोकळं राहतं आणि कुत्रं उजाडेपर्यंत पडून राहतं. कार्तिकात जन्मलेली जी पिल्लं अशा जागी हिवाळा काढतात, ती माघात तीन महिन्यांची होतात. रेबीजची पहिली लस टोचायचं वय तेच. तोवर रोज भाकरी घालणाऱ्या हाताची त्यांना सवय झालेली असते, आणि सुई टोचताना त्यांना धरणं सोपं जातं.