जनपदोद्ध्वंस, देवराई आणि वैद्यांचे उत्तरदायित्व

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासला आहे. वायू, उदक, देश व काल हे चार भाव बिघडले म्हणजे भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी एकाच रोगाने ग्रासली जातात, हा त्याचा सारांश परीक्षेपुरता पाठही असतो. परंतु हे चार भाव मुळात बिघडतात कशाने, या अग्निवेशाच्या प्रश्नाचे उत्तर अधिक मननीय आहे. भगवान आत्रेय त्याचे मूळ अधर्मात व अधर्माचे मूळ प्रज्ञापराधात सांगतात. हा अधर्म प्रथम देश, नगर व जनपद यांच्या प्रमुखांकडून घडतो. त्यांचे आश्रित, नागरिक व व्यापारी तो वाढवितात. परिणामी पर्जन्य अनियमित होतो, पाणी आटते, भूमी दूषित होते आणि औषधी आपला स्वभाव सोडतात. राज्यकर्ता, प्रजा व व्यापारी या तिघांवरही येथे जबाबदारी ठेवलेली आहे, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

श्रद्धेने राखलेले वन

आपल्याकडे या विचाराचे मूर्त रूप म्हणजे देवराई. कोकणात व सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर गावोगावी देवाच्या नावाने राखलेली ही वने आहेत. तेथील वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, असा अनेक गावांचा दंडक होता. डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि वनस्पतिशास्त्राचे लक्ष या ठेव्याकडे वेधले. भोवतालचे डोंगर उघडे पडले असतानाही जुने वृक्ष, महावेली आणि पाण्याचे झरे या राखीव तुकड्यांत टिकून राहिले.

तथापि श्रद्धा आहे म्हणून वन सुरक्षित आहे, असे आज म्हणता येत नाही. देवाविषयीचा भाव कायम असतो, पण तो वनाकडून वास्तूकडे वळतो. लहानशा घुमटीच्या जागी सिमेंटचे मंदिर, पुढे सभामंडप, फरसबंद अंगण आणि वाहनांसाठी रस्ता होतो. या सगळ्याला जागा करून देतात ते वृक्षच. जीर्णोद्धारास लोकप्रतिनिधींचा निधी मिळतो, कोनशिला बसते; झाडे राखण्याला मात्र कोनशिला नसते. जनपदोद्ध्वंसात हितकर म्हणून चरकाने देवतार्चन सांगितले आहेच, पण त्याआधी सत्य व भूतदया सांगितली आहे. हा क्रम आपण विसरू नये.

श्रद्धा आणि राजसत्ता

श्रद्धा व उत्तरदायित्व एकत्र आले म्हणजे काय घडते, याचे उदाहरण ओडिशातील नियमगिरी पर्वताचे आहे. डोंगरिया कोंध समाज या पर्वतावर नियमराजाचा वास मानतो. तेथे बॉक्साइटची खाण प्रस्तावित होती. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी, वनहक्क कायद्याच्या आधारे, धार्मिक व सामूहिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला. त्या वर्षीच्या पावसाळ्यात बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही सभांनी खाणीस नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानेही परवानगी नाकारली. पर्वताचे रक्षण केवळ पूजेने झाले नाही. पूजा करणाऱ्यांना निर्णयाचा अधिकार मिळाला व तो त्यांनी बजावला, म्हणून ते झाले.

आपला वाटा

आता स्वतःकडे पाहू. चरकाने दोष दिलेल्यांच्या यादीत व्यापारीही आहेत, आणि औषधी द्रव्यांच्या बाजारपेठेचे आपण मोठे ग्राहक आहोत. दशमुळातील बृहत् पंचमूळ म्हणजे बिल्व, अग्निमंथ, श्योनाक, पाटला व गंभारी हे पाच वृक्ष; मूळ खणले की वृक्षच जातो. अशोकारिष्टाला सीताअशोकाची साल लागते. तो वृक्ष सह्याद्रीत विरळ होत गेला आणि बाजारात त्याच्या नावाखाली उद्यानांत लावल्या जाणाऱ्या उंच, सरळ अशोकाची साल येऊ लागली. वनाचा ऱ्हास शेवटी आपल्याच रुग्णाच्या मात्रेत उतरतो.

जैवविविधता कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने उपजीविकेसाठी व्यवसाय करणाऱ्या नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना, जैवसंपदा वापरण्यापूर्वी राज्य जैवविविधता मंडळास सूचना देण्याच्या बंधनातून वगळले आहे. ही सवलत व्यवहारतः सोयीची आहे. पण कायद्याचे बंधन सैल झाले म्हणून शास्त्राचे बंधन सुटत नाही. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या छत्तिसाव्या अध्यायात औषधग्रहणासाठी वर्ज्य भूमी सांगताना वारूळ व स्मशान यांच्याबरोबर देवतायतनही सांगितले आहे. देवराईतील साल वा मूळ आपल्या औषधालयात येऊ नये, यासाठी याहून अधिक स्पष्ट आधार कोणता हवा?

म्हणून वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती अशी की, द्रव्य खरेदी करताना ते कोठून व कसे आले, हे विक्रेत्यास विचारावे. लागवडीचे द्रव्य किंचित महाग असले तरी त्यास प्राधान्य द्यावे. ज्यांच्या गावी देवराई आहे, त्यांनी ग्रामसभेत जावे, तिची नोंद ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत करून घ्यावी आणि जीर्णोद्धाराचा ठराव येईल तेव्हा वृक्षांच्या बाजूने बोलावे. गावात वैद्याच्या शब्दाला अजून मान आहे. तो अशा प्रसंगी वापरावा.

भूमी नीरस होण्यापूर्वी औषधी उद्धृत करून ठेव, असे आत्रेयांनी गंगातीरी शिष्याला सांगितले होते. आज औषधी उद्धृत करण्याआधी भूमी नीरस होऊ न देणे, हेच आपले पहिले कर्तव्य ठरते.