काचेला चिकटणारा मासा

काचेच्या पेटीत मासे पाळणाऱ्यांच्या घरी बहुधा एक काळसर, ठिपकेदार मासा आढळतो. इतर मासे पाण्यात इकडून तिकडे विहरत असतात. हा मात्र काचेला किंवा गोट्याला तोंडाने चिकटून तासन् तास स्वस्थ राहतो. दुकानदार त्याला ‘सकर’, म्हणजे चोषक मासा, म्हणतात. तो शेवाळ खातो व पेटी स्वच्छ ठेवतो, अशा समजुतीने लोक त्याला विकत आणतात. ह्या समजुतीत तथ्य किती, ते पुढे पाहू. आधी त्याची शरीररचना पाहू, कारण ती खरोखर नवलाची आहे.

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा. आपल्या शिंगाळा आणि मागूर ह्या माशांचा तो दूरचा नातलग होय. त्याच्या अंगावर खवले नसतात. हाडांच्या लहान लहान तकटांच्या रांगा जुळून त्याचे चिलखत बनलेले असते. तोंड डोक्याच्या टोकाला नसून खालच्या बाजूस असते आणि रुंद ओठ पसरून त्यांची वाटोळी चकती झालेली असते. ही चकती दगडावर घट्ट टेकली, की तिच्या आतील दाब कमी होतो व बाहेरचे पाणी माशाला दगडावर दाबून धरते. त्यामुळे वाहत्या प्रवाहातही तो ढळत नाही. ओठांच्या आत फणीसारखे बारीक दात असतात. त्यांनी तो दगडावरचे शेवाळ खरवडतो.

येथे एक प्रश्न उभा राहतो. मासा श्वास घेतो तो तोंडाने. तोंडातून आत घेतलेले पाणी कल्ल्यांवरून जाते व बाहेर पडते. मग ज्याचे तोंड दगडाला चिकटलेले, त्याने श्वास कसा घ्यावा? ह्या माशाच्या ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना एकेक मिशी असते व तिच्यामागे एक अरुंद पन्हळ असते. चिकटलेला असतानाही त्या पन्हळीतून थोडे पाणी आत शिरते. तोंडातील पडद्यासारखी झडप चोषकातील दाब बिघडू देत नाही. आग्नेय आशियातील एका शेवाळखाऊ माशाने हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला आहे. त्याच्या कल्ल्यांना दोन दारे असतात. वरच्या दारातून पाणी आत येते व खालच्या दारातून बाहेर जाते. तोंडाला ह्या कामातून सुट्टीच! आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही खालच्या ओठावर चकती असलेला एक मासा आहे. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा ह्या माशाला ‘मुल्या’ हे नाव दिले. ते नाव त्याच्या शास्त्रीय नावात आजही टिकून आहे.

सकर माशाचा डोळाही निरखून पाहावा. प्रखर उजेडात बुबुळाचा वरचा भाग पडद्यासारखा खाली उतरतो व बाहुली घोड्याच्या नालेसारखी दिसते. ह्याचे कारण असे, की हा मासा मुख्यतः रात्री हिंडणारा आहे. दिवसा त्याला दडण्यासाठी पेटीत एखादी कपार किंवा पालथे मडके हवे.

आता स्वच्छतेविषयी. तो शेवाळ खातो हे खरे. परंतु जितके खातो तितकी विष्ठाही टाकतो. त्या विष्ठेपासून पाण्यात विषारी अमोनिया तयार होतो, जिवाणू त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात आणि नायट्रेट म्हणजे तर शेवाळाचे खतच. त्यावर भरपूर उजेड पडला, की शेवाळ पुन्हा माजते. म्हणून आठवड्याला सुमारे चौथा हिस्सा पाणी बदलण्याचे काम ह्या माशावर सोपवता येत नाही. ते आपणच केले पाहिजे. ‘तो घाण खाऊन राहील’ असे म्हणून त्याला वेगळे अन्न न देणारे लोक तर त्याची उपासमार करतात. शेवाळ संपले, की त्याचे पोट खपाटीला जाते. काकडीची चकती, किंचित उकडलेला पालक, तळाशी बुडणाऱ्या वड्या हे त्याचे अन्न रात्री दिवा मालवल्यावर घालावे. पेटीत लाकडाचा तुकडाही असावा.

दुकानात हा मासा बोटाएवढा असतो. मोठेपणी तो चाळीस सेंटिमीटरांहूनही लांब होतो! दोन फुटांच्या पेटीत त्याला वळायलाही जागा उरत नाही. मग कंटाळलेले लोक त्याला तळ्यात किंवा नदीत सोडून देतात. त्यांना वाटते, आपण त्याला मुक्त केले. परंतु हा मासा हवा गिळून जठराच्या पातळ भिंतीतून प्राणवायू घेऊ शकतो, त्यामुळे घाण पाण्यातही जगतो, काठावर बिळे करून अंडी घालतो आणि वाढतच जातो. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ जागांत आणि आपल्या उजनी जलाशयात तो पसरला आहे. त्याच्या परांचे ताठ काटे जाळ्यात अडकून जाळी फाटतात. पकडलेला मासा विकलाही जात नाही. मुक्ततेची ही किंमत कोळ्याने का मोजावी? वाढलेला मासा विक्रेत्याला परत द्यावा. कोणत्याही पाण्यात सोडू नये.

लहान पेटीसाठी ह्याच कुळातील छोट्या जाती बऱ्या. एक जात जेमतेम चार-पाच सेंटिमीटरांची असते. ती पाच-सहांच्या थव्याने आणि जुन्या, स्थिरावलेल्या पेटीतच ठेवावी. दुसरी वीतभराहून लहान असून तिच्या नराच्या तोंडावर झुडपासारखे मऊ फाटे फुटतात. ह्या जातीचा नर कपारीत अंड्यांजवळ बसून राहतो, परांनी त्यांच्यावर पाणी हलवीत असतो आणि कोणाला जवळ येऊ देत नाही. अंड्यांतून बाहेर पडलेल्या पिलांच्या पोटाशी पिवळ्या बलकाची पिशवी लोंबत असते. त्यांना नीट पोहताही येत नाही. पण ओठांची ती इवलीशी चकती मात्र तयार असते, आणि पहिल्याच दिवशी ती पिले कपारीच्या भिंतीला चिकटून बसतात.