बिऱ्हाड बदलताना.. वेबसाइटचं!

भाड्याची खोली कधी बदलली आहे? गादी, बादली, पुस्तकं रिक्षात टाकायची आणि नव्या खोलीत उतरवायची. एका दुपारचं काम. वेबसाइटचं बिऱ्हाड हलवणं तेवढंच सोपं असेल असं मला वाटलं होतं. पाच रात्री गेल्या!

साइट आमच्या घरचीच. माझ्या दादाने २००८ साली पीएचपी आणि मायएसक्यूएल शिकता शिकता ती लिहिली. त्यात काय होतं? आजीचे अहिराणी शब्द. आम्ही अमळनेरचे. आजी वहीत शब्द सांगायची, दादा टाइप करायचा. आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी, बठ्ठा म्हणजे सगळा.. असे शेकडो. २०१९ मध्ये आजी गेली. वहीला वाळवी लागली. उरली ती साइट.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वं मराठी साहित्य संमेलन भरलं. गावात सगळीकडे पुस्तकं आणि माणसं. तेव्हा ठरवलं की आपली साइट नीटनेटकी करायची. त्यातच जुन्या होस्टचं बिल आलं. पहिल्या वर्षी स्वस्त आणि पुढे दरवर्षी चढता भाव, ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे. मुदत संपायला सहा दिवस होते. म्हटलं, चला, हलवूया.

आधी एक गोष्ट समजून घ्या. डोमेन म्हणजे पत्ता, होस्टिंग म्हणजे खोली. पत्ता तोच ठेवून खोली बदलता येते. पत्त्यावरून खोली शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. आपण तीन गोष्टी हलवतो: फाइली, डेटाबेस आणि डीएनएसच्या नोंदी. तिन्ही ठिकाणी मी आपटलो.

पहिली आपटी फाइलींची. जुना सर्व्हर विंडोजचा, नवा लिनक्सचा. विंडोजला फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर सारखंच वाटतं, लिनक्सला नाही. दादाने कुठे कसं, कुठे कसं लिहिलेलं. निम्मे फोटो गायब! सगळी नावं स्मॉल केली, तेव्हा दिसले.

दुसरी आपटी खरी. डेटाबेस उतरवला, नव्या जागी चढवला, पान उघडलं तर अहिराणीच्या जागी युरोपातली टिंबवाली अक्षरं आणि चिन्हांचा खच. पोटात गोळा आला.

झालं होतं असं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. 'आंडोर' मध्ये आ, अनुस्वार, ड, ओकार, र अशी ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट. मायएसक्यूएल मात्र त्या काळी, काही सांगितलं नाही तर, लॅटिन-१ धरून चालायचं. म्हणजे एक बाइट एक अक्षर. (८.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, ते आपणहून यूटीएफ-८ धरतं.) दादाचा प्रोग्राम लिहिताना चुकत होता आणि वाचतानाही तीच चूक करत होता. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं आणि इतकी वर्षं सगळं छान दिसलं! नवा सर्व्हर बरोबर वागला, म्हणून चूक उघडी पडली.

घाईत मी ती फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली आणि विंडोज-१२५२ या तक्त्यातून उलटी फिरवली. बरीच पानं सुधारली. मी खूश! मग 'बठ्ठा' दिसला. त्याचा पाय मोडलेला. त्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत, आणि नेमके तेच बाइट हलन्त, पहिला उकार, चंद्रबिंदू, ए, ऐ आणि झ यांच्या शेवटी येतात. त्यामुळे जोडाक्षरं तुटली, झ गेला, उकार गेले, जागी प्रश्नचिन्हं. अंदाजाने भरावं म्हटलं, तर कोणाला विचारणार? ओकार आणि एकार यांत एका बाइटचाच फरक आहे. तेवढ्याने आंडोरची आंडेर होते. आजी असती तर हसली असती. पण मला अंदाज करायचा नव्हता.

नशिबाने जुनं खातं अजून दीड दिवस जिवंत होतं. डेटा पुन्हा उतरवला. या वेळी मायएसक्यूएलला सांगितलं की लॅटिन-१ म्हणूनच दे, बाइटला हात लावू नको. मग फाइलमधली नोंद तेवढी यूटीएफ-८ ची केली, तिला कुठल्याही एडिटरने 'सुधारू' दिलं नाही, आणि चढवली. बठ्ठा जसाच्या तसा!

तिसरी आपटी डीएनएसची. जुनी नोंद किती वेळ लक्षात ठेवायची हे सेकंदात लिहिलेलं असतं. आमच्याकडे ८६४००, म्हणजे २४ तास. तोपर्यंत कोणाला जुनी खोली दिसते, कोणाला नवी. हा आकडा आदल्या दिवशीच ३०० करून ठेवायचा असतो, हे मला नंतर कळलं. शिवाय मेलची नोंद टाकायची विसरलो. सुरतेच्या एका खान्देशी काकांनी पाठवलेली शब्दांची यादी परत गेली. त्यांनी पुन्हा पाठवली, हा त्यांचा मोठेपणा.

तर, तुम्ही हलवणार असाल तर:
१. जुनं खातं किमान महिनाभर चालू ठेवा. त्याचे पैसे वाया जात नाहीत.
२. डेटाबेसची मूळ प्रत वेगळी ठेवा. प्रयोग दुसऱ्या प्रतीवर.
३. तपासताना साधे शब्द बघू नका. जोडाक्षरं, झ, ए आणि उकार बघा.
४. डीएनएसच्या सगळ्या नोंदी, मेलसकट, कागदावर उतरवून घ्या.

साने गुरुजी आमच्या गावच्या छात्रालयात मुलांसाठी हाताने दैनिक लिहायचे. त्याला सर्व्हर लागत नव्हता. म्हणून मीही आता एक काम केलंय. बठ्ठे शब्द छापून, शिवून, त्याची वही केली आहे. एक प्रत घरी, एक मामांकडे.

वाळवीचं औषध घालून!