लोहाऱ्यावरून वाहणाऱ्या दोन नद्या

जुलैतला उघडीपीचा दिवस. रात्रभर पाऊस पडून गेलेला, डवरा घालावा इतका वाफसा वावरात अजून आलेला नाही, म्हणून माणूस धुऱ्यावर नुसताच उभा. यवतमाळला खेटून असलेल्या लोहाऱ्यात अशा दिवशी मान वर केली तर एक गंमत दिसते. काळसर, जड ढग दारव्ह्याच्या बाजूने येतात आणि यवतमाळच्या दिशेने, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे, घाईघाईने निघून जातात. पण त्यांच्यात मध्येच फट पडली की खूप वर पिंजलेल्या कापसासारखे पांढरे, विरळ ढग दिसतात, आणि ते चक्क उलटे, पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत असतात. आभाळ एक, वेळ एक आणि वारे मात्र दोन.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, डोळे फसवताहेत. खालचे ढग पळतात म्हणून वरचे मागे जाताना भासत असतील. खात्री करायची तर विजेचा खांब किंवा घराचा कोपरा नजरेच्या रेषेत धरून पाच मिनिटं स्थिर उभं राहावं. वरचे ढग खरोखरच पश्चिमेला निघालेले असतात. ते संथ दिसतात ते केवळ अंतरामुळे. प्रत्यक्षात ते खालच्या ढगांपेक्षा जोरात पळत असतात.

आता हेच आभाळ जानेवारीत बघा. ढग नाहीत, हवा कोरडी, आणि दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाणारं विमान मागे पांढरी रेघ सोडून जातं. ती रेघ हळूहळू पसरत पूर्वेकडे वाहत जाते. सहा महिन्यांत वरच्या वाऱ्याने दिशाच बदललेली असते.

या वरच्या वाऱ्यांमधले जे सर्वांत वेगवान आणि अरुंद पट्टे, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. मराठीत झोतवारा हा शब्द चपखल बसतो. हजारो किलोमीटर लांब, काहीशे किलोमीटर रुंद आणि जाडीला जेमतेम दोन-चार किलोमीटर असा हवेचा प्रवाह. नदीसारखा तो वळणं घेतो, कधी फुटून दोन होतो, कधी पात्र सोडून सरकतो. लोहाऱ्याच्या आभाळावर वर्षातून अशा दोन नद्यांचा अंमल असतो. एक हिवाळ्यातली, पश्चिमेकडून पूर्वेला जाणारी. दुसरी पावसाळ्यातली, पूर्वेकडून पश्चिमेला. आपली रब्बी आणि आपला खरीप या दोघींशी बांधलेले आहेत.

पोळ्यांच्या दोन चळती

झोतवारा तयार होतो तो दोन गोष्टींमुळे: जमिनीवरच्या उष्णतेतला फरक आणि पृथ्वीचं फिरणं.

उष्णतेचं आधी पाहू. दोन चळती डोळ्यांपुढे आणा. एकीत टम्म फुगलेल्या दहा पोळ्या, दुसरीत चपट्या दहा पोळ्या. पहिल्या पोळीपाशी दोन्ही चळतींच्या उंचीत फारसा फरक नसतो. पाचव्या पोळीपाशी तो दिसू लागतो आणि दहाव्या पोळीपर्यंत चांगलाच वाढतो. हवेचंही तसंच आहे. विषुववृत्ताकडची तापलेली हवा फुगते, ध्रुवाकडची थंड हवा आकसते. जमिनीपासून जितकं वर जावं तितका दोन्ही बाजूंतला फरक साचत जातो. हवेचा दाब २०० मिलिबार भरेल अशी पातळी विषुववृत्ताजवळ साडेबारा किलोमीटरच्या आसपास सापडते, तर ध्रुवाजवळ ती अकरा किलोमीटरच्या जवळपास खाली येते. म्हणजे वरच्या आभाळात विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे एक उतार तयार होतो आणि हवा त्या उतारावरून उत्तरेकडे निघते.

पण ती सरळ उत्तरेला पोचत नाही. इथे पृथ्वीचं फिरणं आडवं येतं. विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते. लोहारा साधारण २०.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे परिघ लहान होतो, त्यामुळे आपण धुऱ्यावर स्वस्थ उभे असलो तरी ताशी १५६५ किलोमीटर वेगाने पूर्वेला जात असतो. विषुववृत्तावरून निघालेली हवा आपला मूळचा वेग सोबत घेऊन येते. शिवाय पृथ्वीच्या आसाच्या जवळ येईल तशी ती आणखी वेग घेते, फुगडी घालणाऱ्या मुलींनी हात आखडले की गिरकी वाढते तशी. वाटेत कसलाही अडथळा नसता तर लोहाऱ्यावर पोचेपर्यंत ही हवा जमिनीपेक्षा ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास अधिक वेगाने पूर्वेकडे जाताना दिसली असती आणि ३० अंशांवर हा आकडा ४८० पर्यंत गेला असता. प्रत्यक्षात हवेतले भोवरे आणि घर्षण बराच वेग खातात. तरीही उत्तर भारतावरच्या हिवाळी झोताचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज भरतो आणि जपानवर तो तीनशेच्या पुढे जातो.

म्हणून नियम एवढाच लक्षात ठेवायचा: उत्तर गोलार्धात चालणारी हवा आपल्या उजव्या हाताला वळते. उत्तरेकडे तोंड करून निघालेल्या हवेचा उजवा हात पूर्वेला येतो. झाला पश्चिमेकडून पूर्वेला जाणारा झोत.

मग तो अरुंद का? कारण ऊन-थंडीचा फरक सगळीकडे सारखा वाटलेला नसतो. गरम आणि थंड हवेच्या सीमेवर तो एकवटतो, जिथे उतार एकदम तीव्र होतो. आणि तो एवढ्या उंचीवरच का? कारण साचत जाणारा फरक तपस्तब्धी नावाच्या सीमेपर्यंतच वाढतो. आपल्याकडे ही सीमा १६-१७ किलोमीटरवर, ध्रुवांकडे आठ-नऊवर असते. तिच्यावर तापमानाचं गणित उलटतं आणि वारा मंदावतो. म्हणून झोत नेहमी या छताच्या जरासा खाली सापडतो.

एस्पेरांतोत लिहिलेलं पत्र

एवढी मोठी गोष्ट माणसाला कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. जपानमध्ये तातेनोच्या वेधशाळेत वासाबुरो ओइशी हे शास्त्रज्ञ १९२० च्या दशकात फुगे सोडून दुर्बिणीने त्यांचा माग काढत होते. हिवाळ्यात उंचावर प्रचंड वेगाचा पश्चिमी वारा वाहतो हे त्यांनी मोजून दाखवलं. जगाला कळावं म्हणून १९२६ मध्ये त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम जागतिक भाषेत छापला. ती भाषा वाचणारेच थोडे, तेव्हा शोध तिथेच राहिला. पुढे १९४४ च्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ विमानं टोकियोवर बॉम्ब टाकायला नऊ-दहा किलोमीटर उंचीवरून गेली तेव्हा त्यांचे नेम चुकू लागले, कारण मागून येणारा वारा त्यांना भलत्याच वेगाने पुढे ढकलत होता. जपाननेही त्याच वाऱ्यावर बॉम्ब बांधलेले नऊ हजारांहून अधिक कागदी फुगे अमेरिकेकडे सोडले. एस्पेरांतोत कुणी न वाचलेला वारा युद्धाने सगळ्यांना वाचायला लावला.

हिवाळ्यातली नदी आणि गारा

हिवाळ्यात पश्चिमी झोताचा मुख्य प्रवाह उत्तर भारतावर, साधारण २५ ते ३० अंशांच्या पट्ट्यात, बारा किलोमीटरच्या सुमारास वाहतो. हिमालय आणि तिबेटच्या पठाराच्या दक्षिणेकडून तो जातो. लोहारा त्याच्या दक्षिण काठावर येतो. भूमध्य समुद्राच्या बाजूला जन्मलेले पश्चिमी झंझावात या झोताच्या अंगाने प्रवास करतात आणि काश्मीरला बर्फ, पंजाबच्या गव्हाला पाऊस देतात. त्यांचं आपल्याकडे सहसा काम नसतं.

पण ही नदी वळणं घेते. कधी तिचं एखादं वळण खोल दक्षिणेकडे उतरतं आणि मध्य भारतावर वरच्या थरात थंड हवा आणून ठेवतं. त्याच वेळी खालच्या थरात बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून ओल आली आणि फेब्रुवारी-मार्चचं ऊन चढलं की खाली गरम-ओलं, वर गार अशी स्थिती होते. ढग सरसर वर चढतो. वर जावं तसा वारा वाढत असल्याने तो तिरपा होतो, त्यामुळे त्यातून पडणारा पाऊस वर चढणाऱ्या हवेच्या अंगावर पडून तिला विझवत नाही. ढग जास्त वेळ जगतो, पाण्याचे थेंब गोठून वर-खाली होत थरावर थर चढवतात आणि गार तयार होते.

तेव्हा हरभरा घाट्यात असतो, गहू ओंबीत, संत्र्याचा आंबिया बहार झाडावर. पंधरा मिनिटांत वावर सपाट होतं. २०१४ च्या फेब्रुवारी अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ-मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागाला गारपिटीने झोडपलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये पुन्हा फटका बसला. आपण तिला ‘अवकाळी’ म्हणतो. आभाळाच्या हिशेबात मात्र तो काळ तिचाच असतो: वरची नदी अजून दक्षिणेत आणि खालचं ऊन आधीच चढलेलं.

चार्ज कोण घेतं?

मे महिन्यात पश्चिमी झोत उत्तरेकडे सरकू लागतो. याची पहिली खबर गिर्यारोहकांना लागते. ८८४९ मीटर उंचीचं एव्हरेस्ट हिवाळाभर या झोताच्या माऱ्यात असतं. झोत उत्तरेला सरकला की मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्याच्या आसपास वारा पडतो आणि शिखरावर चढायला काही दिवसांची फट मिळते. जूनमध्ये झोत हिमालय ओलांडून तिबेटच्या उत्तरेला जातो. त्याच सुमारास मान्सून भारतात येतो.

रिकाम्या झालेल्या जागी दुसरी नदी येते. तिचं कारण पुन्हा उष्णताच, फक्त यावेळी चूल दुसरीकडे पेटलेली असते. तिबेटचं पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे. उन्हाळ्यात ते तापतं तेव्हा ते आभाळाच्या मधल्या मजल्यावर ठेवलेल्या शेगडीसारखं काम करतं. बंगालच्या उपसागरावरच्या ढगांत वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णताही त्यात मिळते. आता गरम हवेचा उंच ढिगारा उत्तरेला आणि तुलनेने गार हवा दक्षिणेला, हिंदी महासागरावर. उतार उलटा झाला. हवा दक्षिणेकडे तोंड करून निघते आणि नियमाप्रमाणे उजवीकडे वळते. दक्षिणेकडे तोंड असणाऱ्याचा उजवा हात पश्चिमेला. झाला पूर्वेकडून पश्चिमेला जाणारा झोत. वळण्याचा नियम तोच राहिला, फक्त चुलीची जागा बदलली.

या ‘पूर्वी’, म्हणजे पूर्वेकडून येणाऱ्या, झोताचं स्वरूप भारतीय हवामानशास्त्रज्ञ पंचेटी कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये जगापुढे मांडलं. पुढे ते भारतीय हवामान विभागाचे महासंचालक झाले. हा झोत १४ ते १६ किलोमीटरवर, म्हणजे हिवाळी झोतापेक्षाही उंच असतो. त्याचा गाभा दक्षिण भारतावर असतो आणि पसारा थेट आफ्रिकेपर्यंत जातो. लोहारा यावेळी त्याच्या उत्तर काठावर असतो. धुऱ्यावरून दिसलेले ते उलटे पांढरे ढग याच प्रवाहात सापडलेले असतात.

चुलीला धुराडं लागतं तसं मान्सूनला हा झोत लागतो. खालून ओलं वारं आत येतं, वर चढतं, पाऊस टाकतं. ती मोकळी झालेली हवा वरून कुणीतरी ओढून नेली तरच खालून नवी येते. दुष्काळी वर्षांत हा पूर्वी झोत बहुधा कमजोर आढळतो.

नागपूरचा फुगा

हे सगळं मोजतात कसं? आपल्यापासून दीडशे किलोमीटरवर, नागपूरच्या सोनेगावहून हवामान विभाग फुगे सोडतो. जगभर एकाच ठरलेल्या वेळी, म्हणजे आपल्या घड्याळाने पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या नोंदींसाठी, असे फुगे उडतात. फुग्याला बांधलेलं छोटं यंत्र तापमान, ओल आणि दाब कळवत वर जातं आणि ते कुठे सरकलं यावरून वारा कळतो. मिनिटाला तीनेकशे मीटर या गतीने झोताच्या उंचीवर पोचायला त्याला चाळीसेक मिनिटं लागतात. हिवाळ्यात तो भंडारा-गोंदियाच्या दिशेने वाहत जातो. पावसाळ्यात तो आधी पूर्वेकडे सरकतो आणि उंचावर गेल्यावर मागे फिरून पश्चिमेकडे येऊ लागतो. दोन नद्यांची गोष्ट तो एकाच प्रवासात सांगतो.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांना पश्चिमी झोत तिकिटावरच भेटतो. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना लागणारा वेळ परतीच्या वेळेपेक्षा बराच जास्त असतो, कारण येताना वारा पाठीशी असतो. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान नेहमीच्या अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, तरी वारा पाठीशी असल्याने साडेचौदा तासांत ते पोचलं.

तापत्या जगात या नद्यांचं काय होणार, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने तापतोय. त्यामुळे खालच्या थरात उष्णतेचा फरक कमी होऊन झोत अधिक नागमोडी होईल असं काहींचं म्हणणं, तर काहींना पुरावा अपुरा वाटतो. वाद मिटेल तेव्हा मिटेल. गहू-हरभऱ्याचा विमा उतरवताना आणि कापणीची तारीख ठरवताना मात्र फेब्रुवारी-मार्चची गारपीट अपघात न मानता धरूनच चालावं, एवढं आजच्या माहितीवरूनही सांगता येतं.

दिवाळीपर्यंत पूर्वी झोत निघून गेलेला असेल आणि पश्चिमी झोत दक्षिणेकडे उतरू लागलेला असेल. आकाशकंदील बांधायला गच्चीवर जाल तेव्हा एखाद्या विमानाची रेघ दिसते का बघा आणि ती कोणीकडे वाहते ते पाच मिनिटं थांबून पाहा. ती पूर्वेकडे निघाली असेल, तर हिवाळ्यातली नदी लोहाऱ्यावर आली.